वाटेतील उपचार

मुंबईत सायंकाळी कचेऱ्या सुटण्याच्या वेळी दादर किंवा शीव येथील चौकात रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला म्हणजे पदपथावरील माणसे क्षणभर थांबतात आणि मनातल्या मनात हात जोडतात. गाडीच्या आत कोणाचे तरी आयुष्य मिनिटामिनिटाने ओसरत असते. बाहेर मोटारी, बसगाड्या आणि मालगाड्या यांची अशी कोंडी झालेली असते की, वाट देण्याची मनापासून इच्छा असलेल्यालाही ती देता येत नाही. अशा प्रसंगी बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो : गाडी इस्पितळात लवकर पोहोचली पाहिजे. हा विचार स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. रोग्याला उपचारापर्यंत वेगाने नेणे हा एक मार्ग झाला. उपचारच रोग्यापर्यंत नेणे हा दुसरा. रस्ते रुंद होण्याची वाट रोग्याला पाहता येत नाही. म्हणून गर्दीच्या शहरांना या दुसऱ्या मार्गाचाच मोठा आधार आहे.

या दुसऱ्या मार्गाचे महत्त्व कळण्यासाठी रोग्याजवळ वेळ किती असतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. हृदयाचे स्पंदन अकस्मात बंद पडले तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि छातीवर दाब किंवा विजेचा झटका मिळाला नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटास सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. मेंदूतील मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तर दर मिनिटाला सरासरीने सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा एका संशोधकाने २००६ साली हिशेब मांडला. मोठ्या धमनीतून होणारा रक्तस्रावही काही मिनिटांतच प्राण घेऊ शकतो. उलटपक्षी, मनगटाचे साधे हाड मोडले असता अर्ध्या तासाचा विलंब वेदनादायक खरा, पण सहसा प्राणघातक नसतो. तात्पर्य, विलंब हा शब्द सर्व रोग्यांना सारख्याच अर्थाने लागू पडत नाही. आणि ज्यांना तो प्राणघातक ठरतो त्यांच्या बाबतीत मोकळा रस्ताही पुष्कळदा उपयोगी पडत नाही.

उपचाराने रोग्याकडे जावे ही कल्पना मुळात रणांगणावरची. फ्रेंच सैन्यात जखमींची शुश्रूषा करणारी पथके लढाईच्या जागेपासून काही मैल मागे ठेवण्याची रीत होती. लढाई संपेपर्यंत जखमी तसेच पडून राहत, आणि पुष्कळ तेथेच मरत. दोमिनिक लारे या शस्त्रवैद्याने १७९२ च्या सुमारास ही रीत मोडण्याचे ठरविले. हलक्या, घोड्यांच्या गाड्यांतून शस्त्रवैद्य व साहित्य थेट जखमींजवळ नेण्याची योजना त्याने आखली. तथापि पुढे नागरी जीवनात रुग्णवाहिका आली ती बहुतेक ठिकाणी केवळ वाहनाच्या रूपाने. तिचे काम रोग्याला उचलून नेण्याचे; उपचार सुरू होत ते इस्पितळाच्या दारात.

या समजुतीला मोठा धक्का दिला तो उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरातील हृदयरोगतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज यांनी. हृदयविकाराच्या झटक्याने दगावणाऱ्यांपैकी पुष्कळसे पहिल्या तासाभरातच, म्हणजे इस्पितळाचे तोंड पाहण्यापूर्वीच, दगावतात हे त्यांच्या ध्यानी आले. मग इस्पितळातील उत्तम सोयींचा त्यांना काय उपयोग? पँट्रिज यांनी विजेचा झटका देणारे यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालेल असे तयार करविले. त्याचे वजन सुमारे ७० किलो होते, तरी ते गाडीत बसत होते एवढे पुरे होते. १९६६ साली बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया इस्पितळातून डॉक्टर व परिचारिका यांच्यासह ही गाडी रोग्याच्या दारी जाऊ लागली. पुढच्याच वर्षी त्यांचा अनुभव प्रसिद्ध झाला आणि देशोदेशी त्याचे अनुकरण झाले. जर्मनीत होम्बुर्ग येथे २००८ साली याच्याही पुढची पायरी गाठली गेली : मेंदूची क्ष-किरण चित्रे घेणारे यंत्रच रुग्णवाहिकेत बसविण्यात आले, आणि गुठळी विरघळविणारे औषध रोग्याच्या दारातच देता येऊ लागले.

पण अशी मोठी गाडीही कोंडीत अडकली तर? याचे उत्तर वाहन लहान करण्यात आहे. लंडनमध्ये २००० साली रुग्णसेवेतील प्रशिक्षित कर्मचारी सायकलवरून, झटक्याचे यंत्र व औषधे बरोबर घेऊन, गजबजलेल्या भागांत फिरू लागले. मुंबईत २०१७ च्या ऑगस्टमध्ये १० मोटारसायकली याच हेतूने रस्त्यावर आल्या; त्या चालविणारे स्वतः डॉक्टर होते आणि त्यांच्याजवळ प्राणवायू व तातडीची औषधे होती. मोटारसायकलवर रोग्याला निजवून नेता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु तिचे काम रोग्याला नेण्याचे नव्हेच. मागून येणारी मोठी गाडी पोहोचेपर्यंत त्याला जगविण्याचे आहे. एक धावणारा आणि एक वाहणारा, अशी ही वाटणी आहे.

रोगी गाडीत आल्यानंतरचा वेळही वाया जाता कामा नये. हृदयाचा विद्युत्-आलेख वाटेतच काढून इस्पितळाकडे धाडला, तर गाडी दारात येईपर्यंत तेथील शस्त्रक्रियागृह सज्ज राहते. हृदयाच्या बंद रक्तवाहिनीत फुगा घालून ती उघडण्याची सोय असलेले इस्पितळ दोन तासांच्या आत गाठणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळविणारे औषध योग्य रोग्याला प्रशिक्षित पथकाने आधीच द्यावे, असा आजच्या वैद्यकाचा दंडक आहे. कोठे न्यावयाचे हा निर्णयही तितकाच महत्त्वाचा. सर्वांत जवळच्या इस्पितळात योग्य सोय नसेल, तर तेथून पुन्हा दुसरीकडे जाताना रोग्याला तीच गर्दी दोनदा ओलांडावी लागते.

वाट देणे हा कायद्याचाही विषय आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पण कायदा कोंडी झाल्यानंतर जागा निर्माण करू शकत नाही. जर्मनीतील महामार्गांवर वाहतूक मंदावताच, भोंगा ऐकू येण्यापूर्वीच, गाड्यांनी दोन्ही बाजूंस सरून मधे एक गल्ली मोकळी ठेवावी असा नियम आहे. वाट मागितल्यावर देण्यापेक्षा ती आधीच राखून ठेवणे, हे या नियमाचे मर्म होय.

इतके सारे झाले तरी पहिली काही मिनिटे कोणत्याही वाहनाच्या हाती नसतात. ती घरच्या माणसांच्या हाती असतात. माणूस कोसळला, हाकेला उत्तर देईना आणि त्याचा श्वास नीट चालेना, तर एकाने १०८ क्रमांकावर कळवावे आणि दुसऱ्याने विलंब न लावता त्याच्या छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब देण्यास आरंभ करावा : मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि प्रौढ माणसाच्या बाबतीत पाच ते सहा सेंटिमीटर खोल. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. अर्धांगाची लक्षणे दिसली तर ती कोणत्या वेळी सुरू झाली हे लिहून ठेवावे, कारण पुढील औषध त्या वेळेवर अवलंबून असते. एकाने फाटकाशी उभे राहून गाडीला वाट दाखवावी. उद्वाहक खाली आणून अडवून ठेवावा. चौथ्या मजल्यावरचे घर शोधण्यात गेलेली पाच मिनिटे रस्त्यावरच्या पाच मिनिटांहून स्वस्त नसतात.

छातीवर दाब देण्याची ही विद्या एका दुपारात शिकता येते. पोहणे शिकविण्यासाठी मुलांना तलावावर धाडणाऱ्या घरांनी, आणि गणेशोत्सवात व्याख्याने ठेवणाऱ्या मंडळांनी, तिलाही एक दुपार द्यावी. बाहेरचा चौक मोकळा करणे कोणा एका कुटुंबाच्या हाती नाही. पण चौकात अडकलेली गाडी दारात येईपर्यंत आतला माणूस जिवंत ठेवणे, हे पुष्कळदा त्याच्याच हाती असते.