हजेरीपटाचा शेवटचा रकाना

ज्या गावाचे अर्धे वर्ष भाताने आणि अर्धे मिठाने बांधलेले असते, त्या गावातील मुलांची शाळेतील हजेरी ही केवळ त्यांच्या इच्छेची किंवा आळसाची बाब नसते. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई आणि मोरवा ही जी आगरी गावे एकापाठोपाठ लागतात, त्यांचे जुने जीवन याच दोन हंगामांवर चालत आले : मृगाचा पाऊस पडून शाळा उघडतात न उघडतात तोच आषाढात भाताची लावणी उभी राहते, आणि वार्षिक परीक्षेचे वेध लागतात त्याच फाल्गुन-चैत्रात, उन्हाचा ताव वाढल्यामुळे, मिठागरांतले काम ऐन भरात येते. २००२ साली मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली, शेती आटली, तरुण मंडळी लोकल गाडीने मुंबईच्या नोकऱ्यांना जाऊ लागली. तथापि रात्रभर चालणारी हळद, गावदेवीचा उत्सव, घरातील लहान भावंडाची राखण ही कारणे मागे उरलीच, आणि त्यांत चाळींतून भाड्याने राहणाऱ्या मजूर कुटुंबांच्या स्थलांतराची भर पडली. हे सारे जेथे नोंदता येईल असे एकच पुस्तक शाळेच्या दप्तरात असते, ते म्हणजे हजेरीपट. त्याची ओळख शाळेत गेलेल्या प्रत्येकाला आहे असे आपण समजतो, पण प्रत्यक्षात ती फार थोड्यांना असते.

प्रार्थना संपून वर्ग स्थिरस्थावर झाला की वर्गशिक्षक हे लांबट, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक उघडतात. डाव्या बाजूस जनरल रजिस्टरातील क्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख. पुढे महिन्याच्या तारखांचे बारीक चौकोन. हजर असलेल्यापुढे तिरपी रेघ, गैरहजर असलेल्यापुढे लाल शाईची खूण. सुट्टीच्या दिवसाचा रकाना वरपासून खालपर्यंत आखून टाकलेला. महिनाअखेरीस शिक्षक उभ्या आणि आडव्या बेरजा जुळवतात, कामाचे दिवस मांडतात, सरासरी उपस्थिती काढतात आणि मुख्याध्यापकांची सही घेतात. या बेरजा जुळवताना कितीतरी शिक्षक घरी दिव्याखाली तास-तास बसलेले असतात. आणि पानाच्या अगदी उजव्या टोकाला, बहुधा कोराच राहिलेला, एक अरुंद रकाना असतो. त्याच्या माथ्यावर ‘शेरा’ असे छापलेले असते.

मुले शाळेत यावीत यासाठी आपल्याकडे प्रथम सक्तीचा मार्ग चोखाळला गेला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली तसाच कायदा करून मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी, जेव्हा बहुजन समाजाच्या घरांत शिक्षणाची कल्पनाच परकी होती, ही सक्ती अत्यंत आवश्यक होती असे माझे मत आहे. पण जेथे इच्छा आहे आणि ऐपत नाही तेथे दंडाचा इलाज चालत नाही. हे ज्यांनी ओळखले त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील अग्रगण्य होत. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केल्यावर त्यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, ते चालविताना पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिनेही खर्ची पडले, आणि १९४० साली त्याच शहरात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू करून श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण ही योजना माध्यमिक शाळेत रुजविली. पोटासाठी शाळा सोडणाऱ्या मुलाला शाळेतच पोटापुरते काम देणे, हे त्याच्या गैरहजेरीच्या कारणाला दिलेले नेमके उत्तर होते.

याहून सूक्ष्म उत्तर मोरव्याच्याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, सापडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य १९५७ साली डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवतालच्या वारली पाड्यांतील मुले शाळेत येत नसत, कारण सकाळ झाली की त्यांना गुरे घेऊन रानात जावे लागे. या दोघींनी त्या मुलांवर ठपका ठेवला नाही; शाळाच कुरणात नेली. गुरे चरत असताना झाडाखाली पाने, बिया आणि खडे घेऊन मुले मोजणी शिकली, आणि ती कुरणशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते म्हणून तिचे शिक्षण खुंटते, हे दिसताच पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी तेथे उभी राहिली. धाकटा पाळण्यात गेला आणि थोरली पाटीपाशी बसू शकली. शिक्षणशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचून जे उमगत नाही, ते या दोन विदुषींना पाड्यांतून फिरून उमगले होते.

सरकारनेही पुढे उपाय केले. दारिद्र्यरेषेखालील मागास घरांतील मुली प्राथमिक शाळेत टिकाव्यात म्हणून १९९२ पासून त्यांना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. दूरच्या हायस्कुलात जाणाऱ्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळाला, आणि या पासाचे मोल मी सर्वांत अधिक मानतो. परंतु हजेरीच्या आकड्यावर पैसा अवलंबून राहिला की आकडा बिघडू लागतो. इंग्लंडात १८६२ च्या संहितेने शाळांचे अनुदान हजेरीशी आणि परीक्षेच्या निकालाशी बांधले, त्याचे दुष्परिणाम तेथे पुढे दशकानुदशके भोगले गेले; आणि आपल्याकडे ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्याची पाळी आली. ज्या पुस्तकावर मुलाचे भवितव्य तोलायचे, त्यातच खोटी नावे निघावीत, ही गोष्ट मनाला फार लागते.

दहावीच्या परीक्षेस बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के उपस्थितीची अट आहे, आणि ती पूर्ण झाली की शाळा व पालक दोघेही निर्धास्त होतात. पण दोनशे दिवसांच्या वर्षात या हिशेबाने पन्नास दिवस गैरहजर राहण्याची मुभा मिळते, आणि हे दिवस कोणते यावर सारे अवलंबून असते. आठवीत बैजिक राशींचे अवयव शिकविले जात असताना एखादी मुलगी सलग आठ दिवस घरी राहिली, तर वर्षअखेर तिची टक्केवारी उत्तम दिसेल. दहावीत वर्गसमीकरणे आली की मात्र फळ्यावरची पहिलीच पायरी तिला कळणार नाही, आणि तिला गणितात गती नाही असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतील. प्रगतिपुस्तकातील पुष्कळशा लाल रेघांचे मूळ असे दोन वर्षे आधीच्या हजेरीपटातील लाल खुणांत असते. कोणी ती दोन पाने शेजारी ठेवून पाहत नाही एवढेच.

म्हणून मला त्या शेवटच्या रकान्याविषयी आग्रहाने लिहावेसे वाटते. वर्गशिक्षकाने त्यात ‘आजारी’ किंवा ‘विनापरवानगी’ एवढ्यावर न भागविता खरे कारण दोन शब्दांत लिहावे : लावणी, भावाची राखण, घरी हळद, खोली बदलली, आईबरोबर बाजारात. शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गशिक्षकांनी मुख्याध्यापकांपाशी बसून त्या आठवड्याचे शेरे वाचावेत आणि ज्या मुलाचे नाव दुसऱ्यांदा आले त्याच्या घरी, दंडाची भाषा न करता, एकाने जाऊन यावे. मोरव्यासारख्या गावात हे अंतर काही मिनिटांचेच असते. बुडालेला पाठ कोणता हे विषयशिक्षकाने त्याच शेऱ्याशेजारी नोंदवावे आणि तो जादा तासात भरून काढावा. लग्नसराईचे दिवस आधीच ठाऊक असतात; त्या आठवड्यांत नवा धडा सुरू न करता उजळणी ठेवली तर कोणाचेच नुकसान होत नाही. आता उपस्थिती मोबाइलच्या पडद्यावर नोंदली जाऊ लागली आहे आणि बेरजांचे कष्ट वाचले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. वाचलेला तो वेळ वर्गशिक्षकांना या घरभेटींसाठी मिळावा आणि शाळेच्या वेळापत्रकात त्याची रीतसर तजवीज व्हावी.