संगणक आपल्या सोयीने मांडा

वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या कितीतरी मुलामुलींनी एमएस-सीआयटी केले. पण घरचा संगणक जसा आला तसाच वापरतात. काही बदलले तर बिघडेल, ही धास्ती! तसे काही होत नाही. चाळिशीनंतर मला पडद्यावरची अक्षरे मुंग्यांसारखी दिसू लागली. वर्षभर मान पुढे काढून हिशेब तपासले आणि मानदुखीचा दोष वयाला दिला. उपाय दोन मिनिटांचा निघाला.

विंडोज ११ असेल तर ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘टेक्स्ट साइज’ उघडा, पट्टी उजवीकडे सरकवून ‘अप्लाय’ दाबा. अक्षर सव्वादोन पटीपर्यंत वाढते.

२०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीत ‘स्टार्ट’ मधोमध गेले. खालच्या पट्टीवर माऊसची उजवी कळ दाबून ‘टास्कबार सेटिंग्ज’मधून ते पुन्हा डावीकडे आणता येते.

खरी गरज मराठीची. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी जोडा, तिच्या पर्यायांत ‘फोनेटिक’ कळफलक घ्या. विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजीवरून मराठीवर येता. अर्ज घरीच लिहून होतो, टायपिंगवाल्याचे पैसे वाचतात. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी मात्र परीक्षेला कोणता कळफलक आहे हे जाहिरातीत आधी पाहावे आणि हात त्याच्यावरच बसवावा.