अन्नछत्र बंद झाल्यावर काय? निराश्रित स्त्रियांच्या उद्योगाविषयी निवेदन

दुष्काळपीडितांस धान्य व वस्त्र पुरविण्याच्या कामी आपण सढळ हाताने साह्य केले, त्याबद्दल कमिटी आपली ऋणी आहे. परंतु पाऊस पडून पेरण्या झाल्या की अन्नछत्रे बंद होतात; आणि जिचे बैल विकले गेले, जमीन गहाण पडली, त्या विधवेस त्या पावसाचा उपयोग काय? हातास काम मिळाले तरच ती तरावयाची. असे काम कसे उभे राहते, याविषयी ख्रिस्ती मंडळींचा अनुभव आपणांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते. धर्ममत कोणाचे काहीही असो, अनुभव घेण्यास हरकत नसावी.

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणिल्या. पुढे गुजराथेत दुष्काळ पडला, आणि १९०० च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील केडगावी मुक्तिसदनाची वस्ती १५०० पर्यंत गेली. इतक्या जणींस नुसते पोसणे कोणत्या फंडास झेपले असते? बाईंनी विहिरी खणविल्या, शेती केली, गुरे पाळली, हातमाग मांडले, तेलाचा घाणा घातला, छापखाना काढला. त्यांनी स्वतः केलेले बायबलाचे मराठी भाषांतर १९२४ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, त्याच छापखान्यातून निघाले. आमच्या मते यातील मर्म असे की, धान्य, दूध, तेल, कापड हा माल घरच्या घरी खपण्याजोगा होता. गिऱ्हाईक शोधीत हिंडण्यापूर्वी धंदा शिकावयास त्यामुळे अवकाश मिळतो.

बाजारासाठीच माल करावयाचा तर गोष्ट निराळी. त्रावणकोरात नागरकोईल येथे मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी १८२० नंतरच्या काळात लेस विणण्याची शाळा चालविली. त्या मजुरीतून कित्येक दासींनी आपल्या सुटकेचे मोल भरले. त्या संस्थानात दास्य कायद्याने बंद झाले ते १८५५ साली! उलट, आंध्रातील नरसापूरची लेसही मिशनरी मंडळींनीच शिकविलेली; पण पुढे ती निर्यातदारांच्या हाती गेली. मारिया मीस यांच्या १९८२ सालच्या पुस्तकात असे दाखविले आहे की, दिवसाचे सहा-आठ तास विणूनही त्या स्त्रियांस शेतमजूर बाईच्या सरकारी किमान मजुरीइतकेही पडत नव्हते. फावल्या वेळचे घरकाम म्हणून त्यांच्या श्रमाचे मोलच कमी धरले जाई. व्यापारी सद्गृहस्थांनी हे वाचून रुष्ट होऊ नये. सूत उधार कोण देतो, दर कोण ठरवितो व माल कोण उचलतो, या तीन गोष्टी एकाच हाती गेल्या म्हणजे असे व्हावयाचेच.

म्हणून कमिटीची विनंती अशी: व्यापारी मंडळींनी सूत खरेदीच्या भावाने द्यावे, आणि गोधड्या, पोती, खादीचे कापड यांची मागणी दर ठरवून आगाऊ नोंदवावी. जमीनदारांनी विहिरीलगतचा एखादा तुकडा भाजीपाल्यासाठी काही वर्षांच्या बोलीने द्यावा; एका हंगामापुरता दिल्यास बायांस खत घालण्याचीही उमेद राहत नाही. ज्यांना रोख रक्कम द्यावयाची असेल त्यांनी तीसोबत ‘स्त्री-उद्योगाकडे’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे ती धान्यखाती जमा होणार नाही.