विरजणातील हितकर जिवाणू आणि पोटाचे आरोग्य

ज्या शेतकऱ्याच्या घरी दुभते असते, तेथे दही-ताकाला तोटा नसतो. रात्री दुधाला विरजण लावावे आणि सकाळी घट्ट दही मिळावे, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे, की ती कशी घडते याचा विचार सहसा होत नाही. हे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. कोमट दुधात ते झपाट्याने वाढतात आणि दुधातील साखरेच्या काही भागाचे आम्ल बनवितात. त्यामुळे दूध आंबट होऊन घट्ट होते. मुरघास मुरतो तोही याच कुळातील जिवाणूंमुळे.

शास्त्र काय सांगते?

बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी असतात याचे कारण त्यांच्या आहारातील आंबविलेले दूध होय, असे मत एली मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. ते मत सिद्ध झाले नाही; परंतु त्यातून संशोधनास चालना मिळाली. पुरेशा प्रमाणात घेतले असता आरोग्यास लाभ देणाऱ्या जिवंत जिवाणूंना आज 'प्रोबायोटिक' म्हणतात. ही व्याख्या २००१ साली जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी ठरविली.

ज्यांना दूध पचत नाही, अशा पुष्कळांना दही सोसते. कारण दुधातील साखर पचविण्यास दह्यातील जिवाणू मदत करतात. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. एका निवडक जिवाणूची मात्रा दिलेल्या बालकांमध्ये रक्तदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण नऊ टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांच्या आत आले. मात्र तो जिवाणू पारखून घेतलेला होता. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत हे सांगता येत नाही. म्हणून यावरून तान्ह्या मुलास दही चाटविणे सर्वस्वी चूक होय. सहा महिन्यांपर्यंत मुलास केवळ आईचे दूध द्यावे.

ताक हे औषध नव्हे

हगवण लागली असता केवळ दही-भातावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. हगवणीत मूल दगावते ते मुख्यत्वे शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून प्रथम जलसंजीवनी द्यावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे. आशा कार्यकर्तीकडून जलसंजीवनीच्या पुड्या व जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात. अंगावरचे पाजणे थांबवू नये. मोठ्या मुलास मीठ घातलेले पातळ ताक याच्या जोडीला देता येते. शौचावाटे रक्त पडणे, मूल सुस्तावणे किंवा पाणी न पिणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच दवाखाना गाठावा.

खरा दोष पाण्यात

दही चांगले असूनही ताक बाधते, असा अनुभव येतो. त्याचे कारण पुष्कळदा ताकात घातलेल्या पाण्यात असते. विहिरीचे वा ओढ्याचे दूषित पाणी घातल्यास हितकर जिवाणूंबरोबर रोगजंतूही पोटात जातात. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. दूध उकळून, कोमट झाल्यावरच विरजण लावावे.
२. भांडे स्वच्छ धुतलेले असावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही लावू नये.
३. बुरशी आलेले, तार सुटलेले किंवा दुर्गंधी येणारे दही टाकून द्यावे. त्याचे विरजण ठेवू नये.
४. ताकात उकळून गार केलेले पाणीच घालावे.
५. ताक ताजे प्यावे. कढी पौष्टिक खरी. पण उकळल्याने त्यातील जिवाणू मरतात.

आतड्यांत मुळातच असंख्य हितकर जिवाणू वस्ती करून असतात. भाकरी, डाळी, उसळी व पालेभाज्या यांतील चोथा हे त्यांचे खाद्य होय. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेतलेल्या जंतुनाशक गोळ्यांनी त्यांचाही नाश होतो. फार आजारी व अशक्त रुग्णास प्रोबायोटिकची औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळात विरजण लावण्याचे आणि जलसंजीवनी तयार करण्याचे प्रात्यक्षिक एकाच बैठकीत करून दाखवावे. दररोजच्या आहारात ताक आणि हगवणीत जलसंजीवनी, हा भेद घरोघरी पोहोचला तर अनेक बालकांचे प्राण वाचतील.