जुन्या व्हॅनचे ब्रेक : पेडल काय सांगते?

टोमॅटोचे क्रेट, फुलांच्या करंड्या किंवा दुधाचे कॅन पहाटेच्या बाजाराला नेण्यासाठी जुनी व्हॅन घेणारे शेतकरी पुष्कळ आहेत. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले, तरी हातोहात विकल्या गेलेल्या या गाड्या अजून गावोगावी धावतात. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. गाडी घेताना मात्र इंजिनाचा आवाज आणि टायर पाहून सौदा होतो. ब्रेकची आठवण होते ती माल भरून पहिला मोठा उतार लागल्यावर.

ब्रेक नीट लागत नाही म्हटले की लायनर बदलून टाकण्याचा रिवाज आहे. लायनर झिजतात हे खरे, पण जुन्या गाडीतील बिघाड बऱ्याच वेळा तेलात, रबरात किंवा गंजात असतो. तेथे नवे लायनर घालून पैसे जातात आणि दोष राहतो. म्हणून गाडी गॅरेजला नेण्यापूर्वी पेडल पायाला कसे लागते ते शेतकरी बंधूंनी स्वतः पाहावे.

पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑईलवर दाब देतो. हा दाब पाईपांतून चारही चाकांपर्यंत जातो. बहुतेक व्हॅनना पुढे डिस्क व मागे ड्रम असतात. पुढे पॅड डिस्कला आवळतात, मागे शू ड्रमला आतून घासतात. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. पाईपात हवा शिरली की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो.

पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि दोनतीनदा पंप मारल्यावर वर येते, तेव्हा तेलात हवा आहे असे समजावे. पेडल खोल जाते पण तळाशी घट्ट लागते आणि पंप मारल्यावर उंच येते, तर बहुधा मागील शू व ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. तेथे शू जुळवून घेतले की काम होते; हवा काढीत बसण्याचे कारण नाही. तिसरा प्रकार अधिक घातक आहे. इंजिन चालू ठेवून पेडलवर एकसारखा दाब देऊन अर्धा मिनिट थांबावे. पेडल हळूहळू खाली बसू लागले तर दाब कोठेतरी निसटतो आहे. चारही टायरांची आतील बाजू, पाईपांचे सांधे आणि पेडलच्या वरचा भाग तपासावा. कोठेही ओल नसेल तर मास्टर सिलिंडरमधील रबरी कप झिजले आहेत. अशी गाडी मालासह रस्त्यावर नेऊ नये.

टाकीतील तेल उतरले की बाटली आणून भरणे हा उपाय नव्हे. पॅड झिजले की पातळी थोडीथोडी उतरते, ते स्वाभाविक आहे. पण भरलेले तेल आठवड्याभरात पुन्हा कमी झाले तर ते गळतेच आहे. मागील ड्रमच्या आत चाकाचा सिलिंडर गळत असल्यास लायनर तेलाने भिजतात. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नयेत, ते बदलावेत. आणि बदलताना त्याच अॅक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

पेडल दगडासारखे कडक आणि गाडी थांबेना, असे झाल्यास बूस्टर तपासावा. इंजिन बंद करून पेडल चारपाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो. न गेल्यास प्रथम इंजिनापासून बूस्टरपर्यंतची रबरी नळी पाहावी. ती चिरलेली किंवा सैल असते आणि थोड्या खर्चात काम भागते. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंपही पाहावा लागतो.

ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढत असेल तर डावा ब्रेक जास्त लागतो असे आपण म्हणतो. बहुधा उजवा लागत नसतो. आधी दोन्ही टायरांतील हवा सारखी करावी, मग उजव्या बाजूचा पिस्टन अडकला आहे का, पॅडवर तेल किंवा ग्रीस आहे का ते पाहावे.

याउलट काही वेळा ब्रेक सुटतच नाही. गाडी जड चालते, इंधन जास्त खाते, एका चाकाजवळ करपल्याचा वास येतो. सपाट जागी दुसऱ्या चाकांना दगड लावून, जॅकखाली भक्कम ठोकळा देऊन ते चाक हाताने फिरवावे. फिरत नसेल तर त्याचे निपल जरा सैल करावे. तेल उडून चाक मोकळे झाले तर दाब आत अडकलेला होता. रबरी होज आतून फुगून बंद होणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. बाहेरून अशी होज चांगली दिसते. निपल सैल करूनही चाक घट्टच राहिले तर पिस्टन, शू किंवा हँडब्रेकची केबल गंजून धरली आहे. हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार आढळते. अशी गाडी हँडब्रेक ओढून न ठेवता गिअरमध्ये ठेवावी व चाकांना ठोकळे लावावेत. युरिया किंवा मीठ वाहिल्यानंतर गाडी खालून धुवावी, कारण ब्रेकचे लोखंडी पाईप त्याने लवकर गंजतात.

आता घाटाविषयी. कसारा, माळशेज किंवा आंबोली घाट भरल्या गाडीने उतरताना ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतात आणि लायनरची पकड कमी होते. तेल जुने असेल तर आणखी एक संकट असते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांची आहे. तेल उकळले की वाफ होते आणि पेडल एकदम तळाला जाते. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठीक लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला काहीच सापडत नाही. तेल काळपट झाले असेल किंवा कधी बदलले ते माहीत नसेल, तर जुनी गाडी घेताच ते पूर्ण बदलावे. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच तेल, बंद डब्यातील वापरावे. इंजिन ऑईल चुकूनही घालू नये, त्याने सारे रबर फुगते.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आहेत. बंद इंजिनावर बूस्टरमध्ये एकदोन वेळा दाबण्यापुरताच जोर उरतो. वाचलेल्या पावशेर डिझेलसाठी गाडीतील माणसे पणाला लावणे आम्हाला पटत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा. ड्रम तापलेच तर सुरक्षित जागी थांबून आपोआप निवू द्यावेत. पाणी ओतल्यास तडकण्याची भीती असते.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे सहसा मागील डाव्या चाकापासून सुरुवात करावी. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा. निपल पुसून त्यावर पारदर्शक नळी चढवावी व तिचे टोक बाटलीतील तेलात बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावे आणि पेडल वर सोडण्यापूर्वी बंद करावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे व टाकी रिकामी होऊ देऊ नये. निघालेले तेल पुन्हा भरू नये.

काम झाल्यावर गाडी रिकामी, मोकळ्या रस्त्यावर, ताशी २० किलोमीटरच्या आत चालवून पाहावी. परत आल्यावर सांधे कोरडे आहेत ना आणि एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले आहे का, हे पाहून मगच माल भरावा.