ई-मेलची वाटचाल, लेखांक ९ : घरच्या घरात चालणारी खाती

मेल सर्व्हरवरचे एखादे खाते ‘अंतर्गत’ ठेवायचे म्हणजे दोन गोष्टी करायच्या. त्या खात्यावरून डोमेनबाहेर पत्र जाऊ द्यायचे नाही आणि बाहेरचे पत्र त्या खात्यात येऊ द्यायचे नाही. या दोन वेगळ्या बंदी आहेत. एक लावली की दुसरी आपोआप लागत नाही.

दापोली तालुक्यातल्या मुरुडला किनाऱ्यालगतच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय होते. अशा एखाद्या निवासाने स्वतःचे डोमेन घेतले, की त्यावर चार-पाच खाती सहज होतात : आरक्षण, हिशेब, स्वयंपाकघर, खोल्यांची देखभाल. आरक्षणाच्या खात्यावर कुठूनही पत्र येणार आणि ते यायलाच हवे. स्वयंपाकघराला मात्र उद्या किती पाने मांडायची हे आरक्षणाकडून कळले आणि हर्णैच्या लिलावातून कोणती मासळी आणायची हे व्यवस्थापकाला कळवता आले, की काम झाले. असे खाते बाहेर उघडे ठेवण्यात फायदा काहीच नाही, धोका मात्र मोठा आहे. त्याचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तर एका रात्रीत हजारो फसवी पत्रे त्यावरून निघतात, सर्व्हरचा आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि आरक्षणाची खरी उत्तरेही पाहुण्यांच्या स्पॅममध्ये पडू लागतात.

आत आणि बाहेर ही सीमा पूर्वी तारेनेच आखलेली असे. १९८६ साली सुरू झालेल्या, शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या एर्नेट प्रकल्पात मुंबईच्या जुहूमधली एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) आणि पवईची आयआयटी यांसारख्या संस्थांमध्ये टेलिफोनच्या जोडणीवरून ई-मेल जाऊ-येऊ लागली. देशाबाहेर जाण्याची वाट वेगळी होती. आज दोन्हीकडे जाणारी तार एकच आहे, म्हणून सीमा नियमांत लिहावी लागते.

तो नियम कुठे लागतो, हे एसएमटीपीच्या, म्हणजे सर्व्हर ज्या पद्धतीने पत्रे देतात-घेतात तिच्या, रचनेवरून कळते. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात ती मांडली आणि तिचा गाभा अजून तोच आहे. पत्र देणारा संगणक आधी पाकिटावरचा पाठवणारा सांगतो, मग घेणारा, आणि त्यानंतरच मजकूर देतो. म्हणजे मजकूर हाती येण्याआधीच सर्व्हरला दोन्ही टोके ठाऊक असतात. नकार द्यायचा तो इथेच द्यावा. पत्र आधी स्वीकारून मागाहून परत पाठवले, तर ज्याचे नाव पाकिटावर खोटे टाकले होते त्या निरपराध माणसाच्या दारात ते जाऊन पडते.

वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेला आणि १९९८ मध्ये खुला झालेला पोस्टफिक्स हा सर्व्हर यासाठी ‘निर्बंध-वर्ग’ वापरतो. एका तक्त्यात बंदी असलेल्या खात्यांची नावे आणि प्रत्येकापुढे वर्गाचे नाव लिहायचे. दुसऱ्या तक्त्यात स्वतःची डोमेन लिहायची. वर्गाचा अर्थ एवढाच : घेणारा दुसऱ्या तक्त्यात असेल तर जाऊ द्या, नसेल तर नाकारा. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला ठाम निकाल लागला की त्या यादीचे वाचन थांबते. म्हणून ही तपासणी ‘लॉगिन केलेल्याला परवानगी’ या ओळीच्या वर हवी. ती खाली गेली, तर स्वयंपाकघराचे खाते लॉगिनच्या जोरावर आधीच सुटते आणि बंदी नुसती कागदावर राहते.

यातला कच्चा दुवा पाकिटावरचे नाव हा आहे, कारण ते कोणीही काहीही लिहू शकतो. स्वयंपाकघराच्या पासवर्डने आत शिरून पाठवणारा म्हणून ‘आरक्षण’ लिहिले, की बंदी चुकवता येते. त्यासाठी कोणत्या लॉगिनने कोणते नाव लावायचे याचा तिसरा तक्ता लागतो. न जुळणारे पत्र सर्व्हर नाकारतो. हा तक्ता नसेल तर बाकीच्या कष्टांना अर्थ नाही.

येणाऱ्या पत्रांचे उलटे आहे. ‘पाठवणारा आपल्या डोमेनचा असेल तर घ्या’ हा नियम सरळ वाटतो, पण बाहेरचा माणूस तेच डोमेन लिहून आत येऊ शकतो. परवानगी नावाला न देता लॉगिनला द्यावी. बरेच जण लॉगिनऐवजी कार्यालयाच्या नेटवर्कला विश्वासू मानतात. निवासात हीच मोठी चूक ठरते. पाहुण्यांचे वाय-फाय आणि कार्यालयाचे संगणक एकाच राउटरवर, एकाच पत्त्यांच्या पट्ट्यात असतील, तर दोन दिवस समुद्र पाहायला आलेला कोणीही सर्व्हरच्या लेखी घरचा होतो. पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे करावे आणि विश्वासू यादीत फक्त सर्व्हर स्वतः असावा.

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमध्ये, फक्त ओळख पटलेल्या पाठवणाऱ्यांकडूनच पत्र घेण्याची सोय प्रत्येक खात्याला आहे. बाहेर जाण्याच्या बंदीसाठी वेगळा प्रवाह-नियम लिहावा लागतो. गूगल वर्कस्पेसमध्ये कर्मचाऱ्यांच्या एखाद्या गटालाच ठरावीक पत्त्यांपुरते मर्यादित ठेवता येते.

तरीही फटी उरतात. आतल्या एखाद्या गट-पत्त्यात कुणाचा जुना खासगी पत्ता राहिलेला असतो आणि स्वयंपाकघराचे पत्र त्या वाटेने बाहेर जाते. आपोआप पुढे पाठवण्याचा नियमही तेच करतो. शिवाय पोस्टफिक्सच्या या तपासण्या एसएमटीपीने येणाऱ्या पत्रांनाच लागतात. सर्व्हरवरच बसून आज्ञेने सोडलेले पत्र त्यांच्यातून जात नाही.

बंदी लावल्यावर चाचणी चार वाटांनी घ्यावी : आतून आत, आतून बाहेर, बाहेरून आत, आणि दुसऱ्याचे नाव लावून. बाहेरची चाचणी फोनचे वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर आणि त्रयस्थ खात्यावरून घ्यावी. नकाराच्या उत्तरात ‘हे खाते अंतर्गत वापरासाठी आहे’ एवढी एक ओळ अवश्य लिहावी, नाहीतर पत्र का परतले हे त्या खात्यावर काम करणाऱ्याला कळणार नाही.