निमशहरी चित्रपटगृहांचा अस्त : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती व इंदापूर हे तालुके ऊसशेतीकडे वळले. १९३० च्या दशकात वालचंदनगर येथे साखर कारखाना उभा राहिला आणि नियमित वेतन मिळविणारा कामगारवर्ग निर्माण झाला. बाजारपेठ, वेतन व वीज या तीन घटकांवरच निमशहरी चित्रपटगृहाचे अस्तित्व अवलंबून असते.

कायमस्वरूपी चित्रपटगृहांखेरीज ग्रामीण महाराष्ट्रात 'टूरिंग टॉकीज' हेही महत्त्वाचे साधन होते. जत्रांनुसार मुक्काम हलविणाऱ्या तंबूत एकच प्रक्षेपक असल्यास रीळ बदलेपर्यंत खेळ थांबे. चित्रपटप्रदर्शनासाठी मुंबई सिनेमा (विनियमन) अधिनियम, १९५३ अन्वये परवाना आवश्यक होता.

१९८२ नंतर रंगीत दूरदर्शन, पाठोपाठ व्हिडिओ व केबल घरोघरी पोहोचले. पुढे राज्याने मल्टिप्लेक्सना करमणूक शुल्कात सवलत दिली. २०१० नंतरच्या डिजिटल प्रक्षेपणाने ३५ मि.मी. यंत्रे कालबाह्य ठरविली. प्रेक्षक घटले, तरी देखभालीचा खर्च टळत नव्हता. बाजारपेठेतील जागेचे मूल्य मात्र वाढत गेले. परिणामी चित्रपटगृह चालविण्यापेक्षा जागेचा अन्य वापर अधिक लाभदायक ठरू लागला.

चित्रपटगृह पाडले जाते तेव्हा केवळ इमारत जात नाही. तिकीटपुस्तके, भित्तिपत्रके आणि सामूहिक करमणुकीच्या आठवणीही नष्ट होतात. परवान्यांच्या शासकीय नोंदी व जुनी वृत्तपत्रे पुढेही पाहता येतील. यंत्रचालक व द्वारपाल यांची पिढी मात्र वृद्ध झाली आहे. म्हणून महाविद्यालयीन इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या मुलाखतींचे काम प्रथम हाती घेणे अगत्याचे ठरते.